सोमवारचा सूर्यास्त

हॉटेलातली खोली रिकामी झाली की पाहुण्यांचं काही ना काही मागे राहतंच. एखादा मोजा, केसांचा चाप, अर्धी तेलाची बाटली. एकदा तर कवळी राहिली होती! ते सगळं आम्ही एका खोक्यात जपून ठेवायचो. मोज्यासाठी कोणी परत आलं नाही, कवळीसाठी मात्र माणूस दिल्लीहून टॅक्सी करून आला. खोलीत मागे राहिलेले किस्से न्यायला कोणीच आलं नाही, ते माझ्याकडेच साठत गेले. गाझियाबादच्या आमच्या भगिनी मंडळात हळदीकुंकवाला गेले की वाण हातात पडायच्या आधीच बायका म्हणायच्या, "आधी जंगलातलं सांगा." म्हटलं, एकदा ओळीने लिहूनच काढावं.

जंगल कुठलं ते आधी सांगते. आमचे हे खुरानाजींच्या कारखान्यात खरेदीखात्यात होते. खुरानाजी मूळचे करोल बागेतले, गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकानदार. देशात नव्या नव्या गाड्या यायला लागल्या आणि बघता बघता दुकानाचा मानेसरला कारखाना झाला. हे गाझियाबादहून अंधारात निघायचे, कंपनीच्या बसने जायचे आणि अंधारातच परत यायचे. मग खुरानाजींनी मानेसरच्या पुढे अरवलीच्या टेकड्यांत जमीन घेतली, बारा कॉटेजेस बांधली, प्रत्येकात बाथटब बसवला आणि बाहेर 'फॉरेस्ट रिट्रीट' अशी पाटी लावली. ह्यांना म्हणाले, "बापटजी, नट-बोल्ट बहुत गिन लिए। अब आप जंगल सँभालिए।"

पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण लहान मुलासारखे खूश झाले. फ्लॅट भाड्याने दिला आणि माझे देव डब्यात घालून आम्ही टेकड्यांत राहायला गेलो. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी हे आवारातल्या कडुलिंबांना पाणी घालताना शीळ घालायला लागले. भूपातली कुठलीशी चाल होती. लग्न झालं तेव्हा घालायचे. मधे कधी बंद पडली ते मलाही कळलं नव्हतं. मी देवघरात माळ हातात धरून तशीच ऐकत बसले. मणी काही पुढे सरकला नाही.

*

आता ते सूर्यास्ताचं.

खुरानाजींनी गुळगुळीत कागदावर ब्रोशर छापून घेतलं होतं. त्यात म्हटलं होतं, प्रत्येक कॉटेजमधून सूर्यास्ताचं दर्शन. नकाशाही तसाच होता. पण पाया खणायच्या आधी त्यांनी एका वास्तुवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, दार पूर्वेलाच हवं, नाहीतर धंदा बसेल. खुरानाजींची अशा गोष्टींवर फार श्रद्धा. त्यांनी रातोरात बाराच्या बारा कॉटेजेस नकाशावर उलटी फिरवली. दारं पूर्वेला, व्हरांडे पूर्वेला, झोपाळेसुद्धा पूर्वेला. ब्रोशर मात्र आधीच छापून झालं होतं!

पहिल्या दिवशी दक्षिण दिल्लीतलं एक जोडपं आलं. संध्याकाळी चहा घेऊन व्हरांड्यात बसलं. समोरची टेकडी हळूहळू काळी पडत गेली. साहेबांनी ह्यांना बोलावलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं की सूर्यास्त कुठे ठेवलाय. हे त्यांना आत घेऊन गेले आणि बाथरूमच्या वरच्या झडपेकडे बोट दाखवलं. साहेब बाथटबच्या काठावर चढले. बराच वेळ खाली उतरलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी निघताना ह्यांनी भीत भीत विचारलं, कसं वाटलं? साहेब म्हणाले, "सनसेट एकदम फर्स्ट क्लास। बस, एक टाइम पे एक ही आदमी देख सकता है।"

*

फाटकावर जवळच्या गावातले ताऊ राखणीला बसायचे. हुक्का, पांढरी पगडी, 'अब'ला 'इब' आणि 'तुम'ला 'थम' म्हणणारी हरियाणवी बोली आणि तोंडात कधी साखर नाही. मनाने मात्र सोन्यासारखा माणूस. माझ्या पूजेला बेल लागतो म्हटल्यावर गावच्या शिवमंदिरातून ओल्या फडक्यात गुंडाळून आणून द्यायचे.

आलेला प्रत्येक पाहुणा गाडीतून उतरल्याबरोबर विचारायचा, वाघ किती वाजता येतो? एकदा एका कुटुंबाने तर येताना दुर्बीण आणली होती. ताऊंनी हुक्क्याचा दम घेतला आणि म्हणाले, "शेर तो कदे का चला गया, जी। इब तो थम ही आओ सो।"

आमच्याकडे खरे रहिवासी म्हणजे मोर. पहाटे ओरडायला लागले की सारी टेकडी दणाणायची. मला फार आवडायचं. काकड आरतीला कोणीतरी सोबत आहे असं वाटायचं. एका पहाटे सात नंबरच्या कॉटेजमधून फोन आला. बाई अर्धवट झोपेत होत्या. म्हणाल्या, हा आवाज बंद करा. ह्यांनी समजावलं, मॅडम, मोर आहेत, जंगल आहे, ते आमच्या हातात नाही. बाई म्हणाल्या, "अच्छा, तो वॉल्यूम ही थोड़ा कम करवा दीजिए।"

*

एवढी गंमत व्हायची, पण खोल्या काही भरायच्या नाहीत. बारांतल्या दोन-तीन लागल्या तरी डोक्यावरून पाणी. खुरानाजी महिन्यातून एकदा यायचे, रिकाम्या व्हरांड्यांवरून नजर फिरवायचे आणि निघून जायचे. ह्यांची शीळ आधी मंदावली, मग थांबली. कडुलिंबांना पाणी घालायचे, पण मुकाट.

मी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सोळा सोमवार धरले. ताऊ म्हणाले, सावन अर्ध्यावर आला आणि तुम्ही आत्ता सुरू करताय? त्यांना सांगावं लागलं की तुमचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, महादेव दोघांचाही एकच. त्याच्याकडे मी धंदा मागितला नाही. धंद्यातलं मला काय कळतं? फक्त म्हटलं, ह्यांची शीळ परत येऊ दे.

ह्या व्रताची शिस्त कडक. माझ्या सासूबाईंनी शिकवलेली. दिवसभर उपास, पूजा दिवस मावळताना. गव्हाच्या जाड कणकेचा, तुपागुळाचा चुरमा, त्याचे तीन भाग. माप ठरलेलं, वेळ ठरलेली, आणि मुख्य म्हणजे जागा ठरलेली. एकदा जिथे बसलात तिथेच शेवटपर्यंत बसायचं. खोलीत धूप लावला की धुराचा अलार्म कोकलायचा, म्हणून मी कॉटेजेसच्या मागच्या टेकाडावर एक सपाट खडक बघितला, ताम्हनात पिंडी ठेवली आणि नेहमीसारखी पूर्वेला तोंड करून बसले.

तिसऱ्या सोमवारी बेल वाहत होते, तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, "ओह माय गॉड, हाउ ब्यूटीफुल!" पाहुणी होती, फिरत फिरत वर आलेली. मला संकोच वाटला. मी म्हटलं, "नहीं जी, इतना कुछ नहीं, सादी पूजा है।"

बोलता बोलता मी वळून बघितलं. माझ्या पाठीमागे एकापाठोपाठ एक टेकड्यांच्या सात रांगा, आणि शेवटच्या रांगेवर सूर्य टेकलेला. सगळं आकाश कुंकवाच्या करंड्यासारखं झालेलं. तीन सोमवार मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते!

*

त्या बाई दिल्लीला जाऊन काय बोलल्या कोण जाणे. पुढच्या सोमवारी दोन गाड्या आल्या, त्याच्या पुढच्या सोमवारी पाच. मी पूर्वेला तोंड करून पिंडीपुढे बसायची आणि माझ्या मागे चटयांवर मंडळी पश्चिमेला तोंड करून बसायची. आरती झाली की चुरमा वाटायचा. माप वाढवता येत नाही, म्हणून वाट्याला चिमूटच यायची. पण माणसाचा स्वभाव बघा, चिमूट मिळते म्हटल्यावर मंडळी पुढच्या चटईसाठी दुपारपासून धडपडायची. आमचे कुमाऊंचे आचारी बिष्टजी पाच प्रकारचे कबाब करायचे. ते हिरमुसून म्हणायचे, "भाभीजी, मेरे कबाब को तो कोई पूछता नहीं।"

एकदा दिल्लीहून एका गृहस्थांचा फोन आला. मोबाईल तेव्हा नवे होते, आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, म्हणून ते भराभरा बोलत होते. मंगळवार ते गुरुवार यायचं होतं, पण एक शंका होती. म्हणाले, "भाईसाहब, ये आपका सनसेट सिर्फ़ मंडे को होता है क्या?"

ह्यांनी शांतपणे सांगितलं, "जी नहीं, सनसेट तो रोज़ होता है। चूरमा सिर्फ़ मंडे को।"

त्यांनी सोमवारचं बुकिंग केलं.

*

खुरानाजींच्या सौभाग्यवती निम्मीजी. गोऱ्यापान, मोठं मन, मोठा आवाज. त्या आपल्या किटी पार्टीच्या मैत्रिणींना घेऊन आल्या तो सहावा सोमवार. सगळ्या डाएटवर! चहात साखर नको, पोळीला तूप नको. बिष्टजींनी काकडी कापून कापून हात दुखवून घेतले. आरतीनंतर मी चुरम्याचं ताट पुढे केलं तर जी ती दुसरीकडे बघायला लागली. प्रसाद नाकारला जातोय म्हटल्यावर माझा जीव कासावीस झाला. त्या व्रताच्या कहाणीत प्रसादाला नाही म्हणणाऱ्यांचे काय हाल होतात ते मला पाठ होतं, त्यांना कुठे ठाऊक असायला? मी सगळ्यांच्या वतीने मनातल्या मनात क्षमा मागत होते, तेवढ्यात निम्मीजींनी हात पुढे केला आणि मैत्रिणींना सुनावलं, "खाओ, खाओ। भगवान के घर कैलोरी नहीं होती।"

ताट परत आलं तेव्हा चाटून पुसून स्वच्छ होतं.

त्या दिवशी खुरानाजीही आले होते. हा माणूस कधी बसलेला मी पाहिला नव्हता. जेवायचेसुद्धा उभ्याने, एका हातात फोन धरून. पण वर टेकाडावर फोनला रेंज नसायची. शेवटी कंटाळून ते निम्मीजींच्या शेजारी चटईवर बसले आणि सूर्य बुडेपर्यंत बसून राहिले. निम्मीजींनी माझ्याकडे बघितलं. त्यानंतर त्या दर सोमवारी यायला लागल्या, नवऱ्याला घेऊन. चुरमा कसा करायचा ते विचारून घेतलं. मग विचारलं, "और भाभीजी, जगह बीच में बदल नहीं सकते?" मी म्हटलं, नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच विचारलं.

*

मग एका कंपनीची सहल आली. सहल म्हणायचं नाही, 'टीम बिल्डिंग' म्हणायचं. बरोबर टाय लावलेला एक प्रशिक्षक होता. त्याने सगळ्या साहेबलोकांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधल्या, हातात दोर दिला आणि म्हणाला, आता एकमेकांवर विश्वास ठेवून चाला. चालत चालत ती माळ टेकाडावर, थेट माझ्या पूजेपाशी आली. सोमवार होता. मला काय, आलेल्याला प्रसाद द्यायचा. मी एकेकाच्या हातावर चिमूट ठेवत गेले, डोळे बांधलेल्या साहेबांनी विश्वासाने तोंडात टाकली. मग प्रशिक्षक म्हणाला, पट्ट्या सोडा.

समोर सूर्य. त्यांचे सगळ्यांत मोठे साहेब, करड्या मिशांचे, ज्यांना सकाळपासून सगळे घाबरून होते, ते ह्यांना हळूच म्हणाले, "बापटसाहब, बरसों से ये टाइम मैंने देखा ही नहीं। हमारे प्लांट में खिड़की नहीं है।"

ह्यांनी नुसती मान हलवली. ह्यांच्या खात्यालाही खिडकी नव्हती.

तेवढ्यात मोठ्या साहेबांच्या कमरेचा पेजर वाजला. आणि खिडकी नसलेल्या त्या अख्ख्या प्लांटने एकदम आपापल्या कमरेला हात लावला!

*

दहाव्या सोमवारी खुरानाजी दुपारीच आले. ह्यांना ऑफिसात बसवलं आणि सांगितलं. मानेसर वाढतंय, गुडगाव वाढतंय, जमिनीला सोन्याचा भाव आलाय. सिंघलजी म्हणून एक बिल्डर आहेत, त्यांना इथे फार्महाऊसचे प्लॉट पाडायचेत. रिट्रीट दहा वर्षांत देणार नाही तेवढं ते एका दमात देताहेत. कॉटेजेस पाडायची, टेकाड सपाट करायचं. "बुरा मत मानना, बापटजी।"

हे म्हणाले, ठीक आहे. बाहेर आले आणि पाण्याची झारी उचलून कडुलिंबांकडे गेले. झारी रिकामी होती. तशीच घेऊन उभे राहिले.

मी चुरमा भाजत होते. हात पुसले आणि खुरानाजींपुढे जाऊन उभी राहिले. मालकाशी मी कधी शब्दाने बोलले नव्हते. म्हटलं, "भाईसाहब, जमीन तुमची, तुम्ही विकाल. पण माझे सहा सोमवार आणि उद्यापन राहिलंय. तोवर खडक हलवू नका. जागा बदलली तर व्रत मोडतं." हे सगळं मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं.

ज्या माणसाने वास्तूसाठी बारा कॉटेजेस उलटी फिरवली, तो महादेवाचा खडक हलवणार होता? खुरानाजींनी कानांच्या पाळ्या धरल्या. तिथल्या तिथे सिंघलजींना फोन लावला आणि म्हणाले, सौदा पक्का, पण सोमवार पुरे झाल्यावर. पलीकडचे सिंघलजीही भाविक निघाले. म्हणाले, मंज़ूर. भोलेनाथांच्या मधे कोण येणार?

पण भाविक असले तरी बिल्डर. तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता, आवाज मात्र पाठ झाला होता. घोगरा, नम्र, घाईतला. एकच प्रश्न असायचा, "नमस्कार जी, कितने बचे हैं?" हे सांगायचे, छह. पाँच. चार. फोन ठेवायचे आणि कामाला लागायचे.

माझ्या सासूबाईंनीसुद्धा माझ्या व्रताची इतकी चौकशी केली नव्हती.

*

उद्यापनाचा सोमवार आला तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. सोळा दांपत्यं जेवायला घालायची होती. जंगलात सोळा जोडपी आणायची कुठून? पण त्या दिवशी बाराही कॉटेजेस भरलेली होती. भाड्याने राहायला आलेल्या त्या मंडळींना मी हळदकुंकू लावून पाटावर बसवलं, तर त्यांना वाटलं हेही पॅकेजमध्ये आहे. तेरावे ताऊ आणि त्यांची घूंघटवाली बायको, तिकडे ताऊंच्या बायकोला ताई म्हणतात. चौदावे बिष्टजी आणि त्यांची बायको. पंधरावे खुरानाजी आणि निम्मीजी. सोळावं जोडपं कुठून आणावं ह्या विवंचनेत मी होते, तेवढ्यात फाटकातून एक लांबलचक पांढरी गाडी आत आली. हातात फाईल घेऊन एक बुटके गृहस्थ उतरले, मागोमाग त्यांच्या पत्नी. "नमस्कार जी," गृहस्थ म्हणाले. चेहरा अनोळखी होता, आवाज नव्हता.

मी देवाला हात जोडले आणि त्यांनाही पाट दिला. उपाशी दारी आलेलं जोडपं, नाही कसं म्हणणार? सिंघलजींनी फाईल मांडीखाली घेतली आणि पानावर बसले.

वर टेकाडावरच पंगत मांडली होती. पूजा झाली, सूर्य बुडाला, आकाश अजून लाल होतं. मी महादेवाला म्हटलं, मी माझं केलं, आता तुझं तू बघ. मनात काही खळखळ नव्हती. हे तुपाची वाटी घेऊन वाढत होते. सगळ्यांकडे हसून बघत होते, फक्त कडुलिंबांकडे बघत नव्हते.

बिष्टजींची सून पुऱ्या घेऊन निम्मीजींपाशी आली. निम्मीजींनी पानावर हात आडवा धरला.

खुरानाजी म्हणाले, "खाओ ना, निम्मी। क्या हुआ?"

"पूरी नहीं," निम्मीजी म्हणाल्या. "मुझे बस चूरमा। आज मेरा पहला सोमवार है। यहीं बोला है, इसी पत्थर पे।"

खुरानाजींनी बायकोकडे बघितलं, खडकाकडे बघितलं, आणि त्यांचे हात आपोआप कानांच्या पाळ्यांकडे गेले. ताऊंची ताई घूंघटाआड खुदकन हसली. पंगतीच्या त्या टोकाला तूप वाढता वाढता कोणीतरी भूपातली चाल हलक्या शिळेवर धरली होती.

सिंघलजींनी तोंडातला चुरमा सावकाश गिळला. मांडीखालची फाईल जरा सारखी केली. मग निम्मीजींना हात जोडले आणि मंगळवारच्या आवाजात विचारलं, "तो भाभीजी... कितने बचे हैं?"